बंदुकीवरचं कुंकू

परदेशात, पॉइंट कुकला दसऱ्याला मी एकटाच होतो. लॅपटॉपला, गाडीला हळदकुंकू वाहिलं. पूजा कसली, स्वतःचीच समजूत. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने घरी बोलावलं. त्याच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेली बंदूक कुठल्या देशाची, हे त्याला कळत नव्हतं. तिच्यावरचा शिक्का पार झिजला होता.

शस्त्र समोर दिसताच माझं कुंकवाचं बोट सवयीने त्या शिक्क्यावरच टेकलं. ओशाळून पुसायला गेलो, तर खाचांत कुंकू बसून मुकुट उमटला आणि खाली जुन्या जर्मन वळणाची अक्षरं.

"जर्मन आहे," मी म्हणालो. "आणि आज आमच्यात शस्त्रं पुजतात, म्हणून हे कुंकू."

हे सांगायला त्याने लगेच मुलाला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. मग कुंकू न पुसताच त्याने बंदूक कपाटात कुलूपबंद केली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी येशील ना?"