लाल गाडीचं गोल मीटर

“ते मीटर माझ्या गाडीचं हाय, काढ आधी,” सातपाटीच्या धक्क्यावर मी मित्रावर इतक्या जोरात ओरडलो की वाळत घातलेले बोंबीलसुद्धा बांबूवर दचकून सरळ झाले. माझ्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारमधलं, इंजिनाचे फेरे दाखवणारं ते गोल मीटर. गाडी घेतली तीच मुळी त्याच्या थरथरत्या काट्यावर भाळून. बोईसरच्या कारखान्यात पॅनेल जोडणाऱ्या याच माझ्या जिवलग मित्राने डॅशबोर्ड उघडून तिथे खाटेएवढा टचस्क्रीन बसवला आणि जुनं मीटर जळलं, भंगारात गेलं, असं माझ्या गळ्यावर हात ठेवून सांगितलं. मी दोन दिवस जेवलो नव्हतो, वडापाव सोडला तर. आणि आता तेच मीटर, काचेवरच्या माझ्या चावीच्या ओरखड्यासकट, त्याच्या सासऱ्याच्या बोटीत सुकाणूशेजारी मजेत थरथरत होतं. “माझ्या गळ्याची शपथ घेऊन खोटं बोललास?” हे विचारताना माझा आवाज का कोण जाणे पार खाली आला. आजही स्क्रीन उजळला की गाडीत सुक्या बोंबलाचा वास येतो आणि मागोमाग त्याचं उत्तर. जाळ्यातली गाठ सोडवत, मान वर न करता तो म्हणाला होता, “तुजी गाडी रविवारी केळव्याला फिरायला जाते. बोट रोज जाते.”