पेत्रूभाऊंच्या पंगतीत

पेत्रूभाऊ एकटे कधी जेवत नसत. वाशिमच्या कापसाच्या जिनात ते यंत्रांचे मुख्य मिस्त्री होते. मूळचे इटलीचे, नाव पिएत्रो. मी त्याच जिनात कारकून. मालकांनी त्यांना बंगला दिला होता, स्वयंपाकी दिला होता. तरी संध्याकाळ झाली की ते गंगाबाईंच्या खानावळीत येऊन पाटावर मांडी घालून बसत. "एकट्यानं पोट भरते, जेवण नाई होत," असं त्यांचं म्हणणं. मराठी ते मजुरांकडून शिकले होते, त्यामुळे बोलणं अस्सल वऱ्हाडी आणि शिव्याही तितक्याच अस्सल.

मुंबईहून रेल्वेने त्यांच्या वाईनच्या बाटल्या येत. त्यातली एखादी ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. दारू म्हटलं असतं तर गंगाबाईंनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. हा नुसता द्राक्षाचा आंबलेला रस आहे, अशी मी त्यांची समजूत घातली. "रस हाय त तुमच्या तोंडाले इतकं पाणी काहून सुटून राह्यलं?" असं म्हणत त्यांनी काचेचे पेले आणून दिले.

भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि इटलीची लाल वाईन. मला ती तुरट लागे, पण तसं म्हणायची सोय नव्हती. मी घोट घेतला की पेत्रूभाऊ माझ्या तोंडाकडे बघत बसत. "हे माह्या मामाच्या गावचं हाय. चांगलं हाय ना?" त्या मामाला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पंगतीतले तिसरे नामदेवदादा, जिनात कापूस तोलणारे. माळकरी माणूस, वाईनला शिवत नसत, पण पंगत चुकवत नसत. पेत्रूभाऊ त्यांच्या पेल्यात पाणी ओतत आणि आपला पेला त्याला हलकेच लावल्याशिवाय पहिला घोट घेत नसत.

मग इटलीने इंग्रजांविरुद्ध लढाईत उडी घेतली आणि आमचे पेत्रूभाऊ एका दिवसात सरकारचे शत्रू ठरले. अकोल्याहून फौजदार आला. सकाळच्या गाडीने पेत्रूभाऊंना नजरकैदेच्या छावणीत न्यायचं होतं. फौजदार भला होता. दाराशी शिपाई बसवून त्याने त्यांना खानावळीत जेवू दिलं.

त्या संध्याकाळी कुणालाच घास जाईना. पेत्रूभाऊंनी बाटली उघडून माझा पेला भरला. तेवढ्यात नामदेवदादांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून बाजूला ठेवली आणि आपला पेला पुढे केला.

"घाला भाऊ. आज मले बी द्या."

गंगाबाई वाढता वाढता थांबल्या. पेत्रूभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी बाटली खाली ठेवली, फडक्याला हात पुसले आणि माळ उचलून दादांच्या हातात दिली. "नाई दादा. माह्यापायी माळ नोका काढू. मी वापस आलो का आपण असेच बसू." आणि तांब्यातलं पाणी त्यांनी दादांच्या पेल्यात ओतलं.

ते परत आले नाहीत. छावणीत तापाने गेले, एवढंच जिनाच्या मालकांना कळलं. शेवटी त्यांच्याजवळ जेवायला कोणी बसत होतं की नाही, हे विचारायचं तरी कुणाला? मला तेच जास्त छळत राहिलं.

दादांना मीच सांगितलं. ते काट्याजवळ बसले होते. मला वाटलं, विठ्ठलाचं नाव घेतील.

"त्यानं मले तवा पिऊ द्याले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "माळ काय, बुवाकडून पुन्हा घालून घेतली असती. त्याले आता कुठून आणू?"