सहाव्या महिन्याचं पोट

“शेवटची पाळी कधी आली?” मी सुमनला विचारलं. उत्तर तिच्या सासूने दिलं. “सहा म्हैने झाले, बाई. देवानं बगितलं शेवटी.”

सुमन माझ्या वसईच्या दवाखान्यात टेबलावर कळवळत होती. जवळच्या गोखिवऱ्याहून तिला बैलगाडीतून आणलं होतं. सकाळी अचानक डाव्या कुशीत कळ आली, मग उलट्या. पोट खरोखरच सहा महिन्यांचं दिसत होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललेलं, ते या पोटाने थांबवलं होतं. हे सगळं सासूने एका दमात सांगून टाकलं.

मी पोटाला नळी लावली. बाळाचे ठोके नाहीत. जागा बदलली, तरी नाहीत. आतून तपासलं तर गर्भाशय मुठीएवढं आणि त्याला खेटून भलीमोठी गाठ. हा गर्भ नव्हताच.

मी सासूला बाहेर बसवून दार लावलं.

“सुमन, खरं सांग. पाळी येते?”

ती रडायलाच लागली. “येते, बाई. पोट वाढलं, घरात सगली खूश झाली, मंग मी बोललेच नाय. बाजूला पन बसले नाय. देवाला दिवा लावला तसाच. म्हनून देवानं असं केलं काय?”

“देवाला दुसरी कामं आहेत,” मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन ओव्हरीज असतात, साधारण बदामाएवढ्या. स्त्रीचं बीज त्यांत तयार होतं. कधी एखादीत पाण्याची पिशवी वाढते, तिला आम्ही सिस्ट म्हणतो. ती देठाशी पिळली गेली की रक्तपुरवठा तुटतो आणि अशी कळ येते. वसईत तेव्हा सोनोग्राफी नव्हती. गाठ साधी की कॅन्सरची, दुसरी ओव्हरी शाबूत आहे का, हे पोट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. हे सगळं मी सुमनला सोप्या शब्दांत सांगितलं.

“दोनी गेल्या तर?” सुमनने विचारलं.

“मग मूल होणार नाही.” खोटा धीर द्यायची मला सवय नाही.

“मंग मला उठवूच नका, बाई.”

भूल देणारे डॉक्टर आले. पोट उघडलं. डावी ओव्हरी पार काळी पडली होती, ती गाठीसकट काढावी लागली. मग मी उजवीकडे बोटं नेली. इतकी भीती मला आयुष्यात क्वचित वाटली असेल. उजवी ओव्हरी पांढरी, घट्ट, अगदी निरोगी होती.

बाहेर येऊन सासूला सांगितलं, मूल नव्हतंच, गाठ होती. एक ओव्हरी पुरते, पुढे मूल होऊ शकतं. पाळीचं मी गिळलं. आता ही आकाशपाताळ एक करणार, अशा तयारीने उभी राहिले.

“मला म्हाईत व्हतं,” ती हळूच म्हणाली. “गोठ्यामागं फडकी सुकताना मी बगितली व्हती.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर पोरानं दुसरी आनली असती. मी पन सवतीवर आलेली हाय, बाई. पयलीनं हिरीत जीव दिला.” पदर तोंडात कोंबून ती रडू लागली.

गाठ साधी निघाली. सुमनला पुढे मुलगीही झाली. तेव्हापासून मी पेशंटला एकटीला विचारते. मग तिला बाहेर बसवून सासूलाही एकटीला विचारते.