यादीत नाव नसलेला उमेदवार

प्रोग्रामरच्या जागेसाठी मुलाखत होती, म्हणून मी निपाणीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं बेळगावला आले. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या गल्लीत कॉम्प्युटर कुणी डोळ्यांनी बघितला नव्हता. मी बी.एस्सी. झाल्यावर कोल्हापुरात सहा महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर अर्ज टाकलेला. आई विड्या वळायची. निघताना तिनं माझा पदर माझ्याच नाकाशी धरला. "तंबाकूचा वास येतोय काय बघ गं. साहेब लोकांस्नी लगेच कळतंय."

कंपनी लहान होती. एका फाउंड्रीच्या मागं दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर. आजूबाजूच्या कारखान्यांची हजेरीची कामं तिथं व्हायची. धूळ आत जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. दार उघडलं की थंड हवा अंगावर यायची, आणि आतली एकसारखी घरघर. दार मिटलं की व्हरांड्यात एकदम शांत.

व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर आम्ही उमेदवार बसलो होतो. माझ्या शेजारी तिशीकडं झुकलेला एक माणूस होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल. तो समोरच्या भिंतीकडं बघत हळूच म्हणाला, "आक्का, पहिल्यांदाच आलाय न्हवं? आत तिघं बसत्यात, त्यातले मधले साहेब बोलता बोलता पेन्सिल खाली पाडतील. उचलायची न्हाय."

"का?"

"उचलली की म्हणत्यात, सांगितल्याबिगर यंत्र काय करतंय काय? तुमी गप बसायचं. मग ते इचारतील, पेन्सिल उचलायला यंत्राला कसं सांगाल. एकेक पायरी सांगायची. वाका, बोटं उघडा, बोटं मिटा. सगळीजणं बोटं उघडायच्या आधीच मिटत्यात, तिथं चुकत्यात."

त्यानं अजून चार प्रश्न सांगितले, उत्तरांसकट. आवाजात चढ नाही, उतार नाही. मला वाटलं, हा माणूस मला घाबरवतोय.

आत गेल्यावर मधल्या साहेबांनी पेन्सिल पाडली. ती टेबलाच्या कडेवरून घरंगळली, माझ्या पायाशी थांबली, आणि माझ्या मानेवर काटा आला. मी हललेच नाही. पुढचे चारही प्रश्न त्यानं सांगितले त्याच शब्दांत आले. मी त्याचीच उत्तरं दिली. माझ्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय असं वाटत होतं.

बाहेर आले तेव्हा तो तिथंच होता. "अजून काय नवीन इचारलं काय?" एवढंच त्यानं विचारलं. मी नाही म्हणाले.

मला नोकरी लागली.

सहा महिन्यांनी कंपनीला आणखी माणसं हवी होती. उमेदवारांची नावं पुकारायचं काम माझ्याकडं आलं. यादी घेऊन मी व्हरांड्यात आले, तर तो त्याच खुर्चीवर. तोच पांढरा शर्ट, तीच पिशवी. शेजारच्या पोरीला तो भिंतीकडं बघत सांगत होता, "आक्का, पहिल्यांदाच आलाय न्हवं?" मी नाव पुकारलं की तो खुर्चीतून थोडा उठायचा, दुसरंच कुणी उभं राहिलं की परत बसायचा. प्रत्येक नावाला. यादी संपली. त्याचं नाव यादीत नव्हतंच.

त्यानं मला ओळखलं नाही. मी शिपाईमामांना बाजूला घेतलं.

"त्यो व्हय?" मामा म्हणाले. "खानापूरकडचा हाय, नंदगडाजवळचा. कंपनी निघाली त्या पयल्या वर्षी त्याला पत्र गेलतं मुलाखतीचं. पत्रात नाव एक आन् सर्टिफिकेटवर कानडी धाटणीनं लिवलेलं दुसरं. साहेब म्हणाले, बसा जरा, चौकशी करून बोलावतो. चौकशी कुणी केली न्हाय. त्यो दिवस मावळंपतोर बसला. पेपरात जाहिरात आली की येतोय बगा."

"आणि कुणी काही म्हणत नाही?"

"काय म्हणायचं? तरास न्हाय त्याचा. भाईर येणाऱ्याला काय इचारलं ते इचारतोय, आत जाणाऱ्याला सांगतोय. पयलं मी च्या द्यायचो त्याला. आता ध्यानातच येत न्हाय." मामांनी हातातल्या ट्रेकडं बघितलं. सगळ्यांचे कप बरोबर होते. त्याचा नव्हता.

त्याला प्रश्न आधीच कसे ठाऊक हे मामांकडून कळलं, तशी भीती जायला हवी होती. ती गेली नाही. त्या दिवसापासून मी बघायला लागले. साहेब व्हरांड्यातून जाताना सगळ्यांकडं बघून मान हलवायचे. त्या खुर्चीपाशी आले की त्यांची नजर भिंतीवरून सरकावी तशी पुढं जायची. झाडणारी बाई त्याच्या पायांभोवतीनं झाडायची. मुलाखतींच्या तिसऱ्या खेपेला मीसुद्धा त्याच्यासमोरून दोनदा गेले, आणि तो बसलेला आहे हे मला संध्याकाळी घरी आठवलं. खासबागेत मावशीकडं राहायचे मी. जेवता जेवता घास हातातच राहिला.

पुढच्या मुलाखतींच्या दिवशी साहेब जेवायला गेल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले. "चला आत."

तो उठला. चपला काढून भिंतीला लागून नीट ठेवल्या, आत आला, आणि मी सांगायच्या आधी उमेदवाराच्या खुर्चीत बसला. मी समोर बसले. तो खाली फरशीकडं बघत होता. जिथं पेन्सिल पडायला हवी तिथं. मी ती पाडेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

सगळी उत्तरं बरोबर. काही तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. मग मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

त्यानं मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाला, "ह्यो प्रश्न इचारत न्हाईत, आक्का."

मी त्याला टर्मिनलपुढं बसवलं आणि एक छोटा प्रोग्राम लिहायला सांगितला. त्याची बोटं भराभर चालायला लागली. कुठली कळ कुठं, त्याला सगळं माहीत होतं. पण पडदा काळाच. मी वाकून बघितलं. बोटं कळांना लागतच नव्हती. तसूभर वरून, हवेत चालली होती. त्यानं आजवर यंत्राला कधी हात लावलेला नव्हता. मी त्याचं बोट धरून खाली दाबलं. पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

एवढ्यात दार उघडलं. साहेब आत आले, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "एकट्याच बसलात? जेवला नाही?"

तो माझ्या हाताच्या अंतरावर बसला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"सर, हे उमेदवार आहेत."

साहेबांनी पडद्यावरचं अक्षर बघितलं, मग कळफलक, मग कळफलकावरचा हात. हातावरून हळूहळू वर. चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला. "कोण तुम्ही? नाव काय?"

"कुठलं सांगू साहेब? पत्रातलं, का सर्टिफिकेटवरलं?"

साहेब खाली बसले. त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी फाईल मागितली आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली. "ती जागा त्याच वर्षी भरली हो," ते म्हणाले. "आणि यंत्रावरचा अनुभव लागतो आता."

"म्हंजे न्हाय."

"नाही."

"मग लिहून द्या साहेब. न्हाय म्हणून."

मी पत्र टाईप केलं. वर त्याची दोन्ही नावं घातली, 'ऊर्फ' लिहून. साहेबांनी सही केली. त्यानं ते दोनदा वाचलं, पिशवीत ठेवलं, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं. "घरी आई हाय," तो म्हणाला. "आन् धाकटी भण." मग चपला घालून जिना उतरला.

तो पुन्हा आला नाही. माझी नोकरी त्याच्या उत्तरांवर लागली होती, हे मी साहेबांना कधी सांगितलं नाही, आणि त्यालाही नाही. उमेदवाराला काय ते त्याच दिवशी सांगून मोकळं करायचं, असा हट्ट मी साहेबांकडं धरला. ते दोन-तीन खेपा पाळलं गेलं, पुढं मागं पडलं. वर्षाभरानं मामा गावाकडून आले ते सांगत, खानापुरात त्यानं विजेच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान घातलंय, गिऱ्हाईक बरं असतंय. मामा त्याच्याशी बोलायला गेलते. त्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि च्या मागवला.