सेंटरचे लांब हात

डॉक्टर चिनी बाई होत्या, उंचीने माझ्या कोपरापेक्षा थोड्या वर. त्यांनी मला एका हाताने दुसरं मनगट धरायला सांगितलं. अंगठा करंगळीवर चढून पुढे गेला. मग अंगठा मुठीत मिटायला लावला, तर त्याचं टोक बाहेर आलं. त्यांनी माझ्या हृदयाच्या इकोची चित्रं पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, "मार्फन सिंड्रोम."

म्हणजे शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊती जन्मतःच सैल असणं. हाडं लांबत जातात आणि हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, एओर्टा, मुळाशी फुगते. माझी बरीच फुगली होती. खेळताना धाप लागायची, ती मी वयाच्या नावावर खपवत होतो.

मला हसूच आलं. याच लांब बोटांवर माझं पोट चाललं होतं.

बास्केटबॉलमध्ये सेंटर म्हणजे रिंगखाली उभा राहून धक्के खाणारा उंच माणूस. नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात सरांनी मला भिंतीला टेकवून हात पसरायला लावले. टेप लावल्यावर हात उंचीपेक्षा लांब भरले, तर त्यांनी पेढे वाटले. पुढे चेन्नईच्या एका बँकेचा संघ, मग पंजाब, काठमांडू, बँकॉक. एकदोन हंगाम झाले की गाशा गुंडाळायचा. नव्या गावात आधी टेप यायचा, मग चहा. काठमांडूच्या थंडीत सराव संपला की सगळा संघ एका हीटरभोवती बसून माझ्या बोटांची चेष्टा करायचा. खोटं कशाला बोलू, ते दिवस अजून गोड वाटतात.

शेवटी बँकॉकच्याही दक्षिणेला, या बेटावरच्या एका क्लबकडे आलो. बायकोला, मुग्धाला, इथेच हार्बरफ्रंट भागात नोकरी मिळाली आणि आम्ही सेम्बावांगला स्थिरावलो.

"तुमचा खेळ आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशन करू. पण आधी मुलीला घेऊन या."

हा आजार आईबापाकडून मुलांत उतरू शकतो. आमची इरा बारा वर्षांची, वर्गात सगळ्यांत उंच. नुकतीच शाळेच्या संघात सेंटर म्हणून निवडली गेली होती. त्या आनंदात मीही तिचे हात टेपने मोजले होते, मुग्धाने शिरा केला होता. आता माझ्या ऑपरेशनचं काही वाटेना. तिच्या इकोची मात्र धास्ती बसली.

वेटिंग रूममधल्या बुटक्या खुर्च्यांवर मी आणि इरा गुडघे वर काढून बसलो होतो. समोरच्या आजीबाई आमच्याकडे बघून कौतुकाने हसल्या. मुग्धाने मान फिरवली.

इरालाही तोच आजार निघाला. एओर्टा अगदी थोडीशी मोठी होती. रोज बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि रक्तदाब ताब्यात ठेवणारी गोळी. दरवर्षी इको. धक्काबुक्कीचे खेळ बंद. डॉक्टर म्हणाल्या, "फार लवकर सापडलं. आता आम्ही लक्ष ठेवू शकतो." माझ्यामुळे तिचा खेळ गेला, हे मला फार लागलं.

माझी एओर्टा मुळाशी कापून तिथे कृत्रिम धाग्यांची नळी बसवली. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, ही नर्सची सूचना मोलाची. तुमच्यावर वेळ आली तर विसरू नका. आणि मूल ताडमाड वाढत असेल, बोटं फार लांब असतील, तर कौतुक जरूर करा, पण एकदा डॉक्टरांना दाखवा.

काही महिन्यांनी इराच म्हणाली, "बाबा, खाली चल." हलकेच बॉल टाकायला दोघांनाही परवानगी होती. आमच्या इमारतीखालच्या कोर्टवर आम्ही फ्री थ्रो टाकू लागलो. त्यात कुणी धक्का देत नाही, उडीही लागत नाही. तिचे रिंगमध्ये पडत होते, माझे कडेला आपटून परत येत होते.

"बाबा, यू रिअली कॅनॉट शूट, लाह," ती इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली.

"आम्हा सेंटरना हे जमतच नाही गं."

ती पोट धरून हसायला लागली. मी त्या डॉक्टरांचे मनातल्या मनात आभार मानले, आणि माझ्या फुगलेल्या एओर्टाचेही. ती वेळेवर फुगली नसती, तर इराची कुणी तपासलीच नसती.