आईचं ओसाका

मुंबईच्या विमानतळावर आई रडली नाही. काचेच्या दाराशी माझ्या ओढणीचं टोक सारखं करत म्हणाली, "पोचलीस की त्या गावची नदी कशी आहे ते कळव." साताऱ्याच्या शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला, मुलीला निरोप देतानाही तिला नदीच सुचली. मी मात्र सिक्युरिटीच्या रांगेत हमसून हमसून रडले. ड्युसेलडॉर्फला आल्यावर ऱ्हाइनचं वर्णन करता करताच पहिल्या फोनवर सावरले.

दोनेक वर्षं नोकरी करू आणि परत जाऊ, असं तेव्हा ठरलं होतं. तुमच्यापैकी जे निघालात त्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल. जे मागे राहिलात त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल. मग इथेच संसार झाला, इथेच इरा जन्मली. आता ती पाचवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. दर रविवारी आजी व्हिडिओ कॉलवर विचारणार, "जेवलीस का गं?" इरा मान डोलावणार, आणि पुढचं सगळं मी इकडचं तिकडे करणार. दोघींना एकमेकींची ओढ फार, पण मध्ये मी.

यंदा आईने जाहीर केलं, "मला ओसाका बघायचंय. वर्गात नकाशावर छडी ठेवून 'ओसाका, कापडगिरण्या' म्हणत राहिले. खरं काय आहे ते बघू दे की!" ठरलं, चार दिवस, ती मुंबईहून येणार, आम्ही इथून. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी टॅक्सी आणि भरपूर विश्रांती असा बेत आखला. तिने तो मोडीत काढला. "विश्रांती मला साताऱ्यातही मिळते."

आमच्या खालच्या मजल्यावरच्या योशिको-सान मूळच्या ओसाकाच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी तरुणपणी इकडे आल्या. तो गेल्यावरही इथेच राहिल्या, एकट्या आणि ताठ. रविवारी त्यांना चहाला बोलावलं आणि आईला फोनवर घेतलं. गप्पा सुरू होतात न होतात तोच माझ्या ऑफिसचा कॉल आला. मी बाल्कनीत गेले.

परत आले तर इरा बोलत होती. मराठीत.

"आजी, त्या म्हणतात, किल्ल्यात लिफ्ट आहे. पण रांग मोठा असतो."

"असेना का मोठा!" आई म्हणाली. कुणाची एक वेलांटी न सोडणारी माझी आई! "विचार त्यांना, नदीत बोट असते का?"

इराने जर्मनमध्ये विचारलं. योशिको-सान "दोख, दोख!", म्हणजे असते की, म्हणत हातांनी दिवे उजळून दाखवू लागल्या.

"हो. संध्याकाळी जा म्हणतात. आणि सूपमध्ये मासा असतो, आजी. दिसत नाही, पण असतो."

"मग मी थालीपीठं आणते. त्यांना विचार, तुमच्या गावाहून तुम्हाला काय आणू?"

योशिको-साननी कप खाली ठेवला. मग सावकाश काही सांगितलं. इराला शब्द सापडेना. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच शोधला.

"त्यांना वस्तू नको. तिथे बाजारात उभं राहून फोन करायचा. लोक कसे बोलतात, ते त्यांना ऐकायचंय. इथले जपानी लोक तसं बोलत नाहीत."

"ऐकवू म्हणावं, पोटभर," आई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. विमानतळावर न रडलेली बाई ती.

या दोन म्हाताऱ्यांचं मला त्या दुपारी फार कौतुक वाटलं. एक नव्याने निघालेली, एक कधीची येऊन राहिलेली. दोघींनाही आपल्या मुक्कामाची तक्रार नाही.

साताऱ्याचं घर आहे, इथला फ्लॅटही आहे. घर नक्की कुठलं, असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं अडखळायचे. त्या दिवशी मी सिंकपाशी कप विसळत उभी होते. मागे तिघींची आखणी रंगली होती. अर्धा तास कुणीही मला एका शब्दाचाही अर्थ विचारला नाही, आणि मला वाटलं, आता मी घरी आहे.