जेवणाच्या रांगेतला अभिप्राय

अजून आठवलं की डोकं भणाणतं. वेबसाइट बनवणाऱ्यांची परिषद पहिल्यांदाच आमच्या धाराशिवात भरली होती. कॉलेजचा हॉल, दिवसभरात सहा भाषणं. पाचवं भाषण माझ्याकडं काम करणाऱ्या, जवळच्या तेर गावच्या पोरीचं. स्वस्तातला मोबाइल, रेंज जेमतेम, तरी वेबसाइट पटकन कशी उघडावी, हा तिचा विषय. महिनाभर राबली होती. ज्याचं भाषण लोकांना सगळ्यात जास्त आवडेल त्याला पुण्याच्या मोठ्या परिषदेत बोलायला नेणार होते, आणि ते ठरणार होतं श्रोत्यांच्या अभिप्रायावरून.

तिचे अब्बा दुकान बंद करून एसटीनं आले आणि शेवटच्या रांगेत बसले. जेवणं झालेली, लोक पेंगत होते, पण पोरगी अशी काही बोलली की पेंगणारे सरळ झाले. ती खाली उतरल्यावर अब्बा म्हणाले, "बेटा, एकेक लफ्ज ऐकू आला." पुण्याला पाठवायला तोवर त्यांची ना होती. त्या दिवशी हो म्हणाले.

दोन दिवसांनी संयोजकांनी सगळे अभिप्राय टाइप करून ग्रुपवर टाकले. तिच्या नावाखाली पहिलीच ओळ: 'आवाज पोचत नाही. तयारी कमी.' त्याखाली 'ठीक', 'ठीक', 'बरं'. पुण्याला सकाळच्या वक्त्यांपैकी एकजण निवडला गेला. पोरगी ऑफिसात आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, "सर, ह्यापुढं मला स्टेजवर चढवू नका. मी आपली कोडच लिहिते."

माझं टाळकंच सटकलं. आवाज पोचत नाही? कान काय गहाण ठेवून आलं होतं का बेणं? तशीच गाडी काढली आणि संयोजकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. भला माणूस, कॉलेजात शिकवतो, पण मी त्यांना धड बसूसुद्धा दिलं न्हाय.

"शेवटच्या रांगेत ऐकू येतं आणि ह्याला येत न्हाय? कोण हाय हा शहाणा? काढा ते कागद!"

"अहो, जरा दमानं घ्या," ते म्हणाले. "अभिप्रायाचे फॉर्म तर जेवणाआधीच घेतले ना सगळ्यांचे. फॉर्म दिला की जेवणाचं कुपन. जेवल्यावर कोण थांबतंय लिहायला?"

"म्हणजे पोरगी बोलायच्या आधीच तिला नापास केलंत व्हय? जनाची न्हाय तर मनाची तरी ठेवा की थोडी!"

"तुम्हीबी होताच की रांगेत," ते म्हणाले आणि गठ्ठा माझ्यापुढं सरकवला.

मी एकेक कागद आपटत चाललो. ते वाक्य सापडलं. पण ते तिच्या नावासमोर नव्हतंच. सकाळच्या पहिल्या वक्त्यासमोर लिहिलेलं, आणि तिथून सहाव्या नावापर्यंत एक सरळ रेघ खाली ओढलेली. रजिस्टर भरताना आपण ओढतो ना, वरीलप्रमाणे म्हणून, तशी. टाइप करणाऱ्यानं इमानदारीत तेच वाक्य सहाही नावांखाली उतरवलं होतं.

रेघ हिरव्या शाईची होती. हिरवा पेन माझ्या खिशात असतो.

मग सगळं आठवलं. सकाळी पहिल्या वक्त्याच्या वेळी माइक बंद पडला होता. पोटात कावळे ओरडत होते, आतून मसालेभाताचा वास येत होता, पुढच्या माणसाच्या पाठीवर कागद टेकवून मी एक वाक्य खरडलं, रेघ मारली आणि कुपन घेतलं. दोन वाट्या मठ्ठाही प्यालो वर. थू माझ्या जिनगानीवर.

तो कागद मागून घेतला आणि ऑफिसात आलो. पोरीनं मान वर केली. "सापडला का हो सर तो लिहिणारा?"

मी कागद तिच्यापुढं ठेवला. तिच्या भाषणाच्या पानांवर महिनाभर ह्याच हिरव्या शाईनं मी दुरुस्त्या केल्या होत्या. रेघ कुणाची, हे तिला विचारावं लागलं न्हाय. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवत आणलं आणि पाचव्या ओळीवर थांबवलं.

"सर, इथं माझं नाव हाय, हे तरी वाचलं होतं का तुम्ही?"

"न्हाय," मी म्हणालो.